तात्यांची काडेपेटी

तात्यांचं काम डोंगराला आग लावायचं, आणि त्यांच्या खिशात काडेपेटी कधीच नसे. ती माझ्याकडे असे. थंडी सरत आली की एका सकाळी ते जिना चढून वर येत, चपला दाराबाहेर काढत आणि पिशवीतली नवी पेटी टेबलावर ठेवत. "घ्या बाई, ठेवा." मग डोंगरावर जाऊन वारा बघत. वारा मनासारखा असला तर पुन्हा खाली येऊन पेटी घेऊन जात. नसला तर ती माझ्याच खणात राही, कधी चार दिवस, कधी पंधरा. पहिल्या वर्षी मी विचारलं, "तात्या, एवढी उठाठेव कशाला? पेटी बरोबरच न्या की." ते म्हणाले, "काडी जवळ असली की वारा बरोबरच वाटतो, बाई."

ईरा, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर बोलताना तुला ती पेटी माझ्या खणात दिसली. तू विचारलंस, "आजी, तुझी शेगडी तर बटणाने पेटते, मग ही कशाला?" मी म्हटलं, "असू दे." ते काही उत्तर नव्हतं. म्हणून हे तुला आणि अन्वयला लिहिते आहे. तुमच्या दोघांसाठी इंग्रजीत लिहिणं सोपं झालं असतं. पण इंग्रजीत जे लिहायचं ते मी एकदा लिहून बसले आहे. हे मराठीतच वाचा. अडलं तर बाबाला विचारा.

तात्या कुरुळीचे. जमिनी कंपन्यांकडे गेल्या तेव्हा भावकीतले बाकीचे कंपनीत लागले, तात्या मात्र वनखात्यात मजूर झाले. आपल्या सोसायटीमागचा डोंगर त्यांच्याकडे होता. गवत वाळलं की डोंगराभोवती एक रुंद पट्टा आखायचा, दोन्ही कडा कापून घ्यायच्या आणि मधलं गवत आपणच जाळून टाकायचं. त्याला जाळरेषा म्हणतात. पुढे उन्हाळ्यात कुठून वणवा आलाच, तर त्या काळ्या पट्ट्याशी येऊन उपाशी मरतो. संत तुकाराम नगरच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हा शब्द मला तात्यांनी शिकवला.

वारा बघायला त्यांच्याजवळ दोनच गोष्टी होत्या. एक, चुलीतली चाळलेली राख. ती चिमटीने सोडत आणि कुठे जाते ते बघत. दुसरी, समोरच्या कारखान्याची चिमणी. "कंपनीनं माझ्या बापाचं रान घेतलं," ते म्हणत, "पर चिमणी मला दिली. तिचा धूर बगायला पास लागत न्हाई." चिमणीचा धूर सरळ वर गेला तर आपलाही जाईल, आणि तोंडाशीच आडवा पसरला तर काडी ओढायची नाही, हा त्यांचा नियम. मला टापटिपीची सवय. बाल्कनीत तापमापक होता आणि रोज सकाळचा पारा मी वहीत उतरवत असे. तात्यांना त्या वहीचं फार कौतुक. "बाई, आज किती?" मी आकडा सांगे. मग फोनवरचा अंदाजही वाचून दाखवी. त्यावर ते हसत. "तुमचा फोन पुण्याचं सांगतो. डोंगर काय पुण्याला जातोय व्हय?"

आगीपेक्षा त्यांना धुराची काळजी जास्त. थंडीत पहाटे जमीन गार असते आणि वरची हवा त्या मानाने उबदार, त्यामुळे धूर वर चढत नाही, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. तात्या ते असं सांगत: "धुरालाबी झोप असती. ऊन अंगावर आल्याबिगर त्यो उठत न्हाई. आन् झोपेतला धूर गावाच्या छातीवर बसतो." म्हणून पेटवायच्या आदल्या दिवशी ते पायथ्याच्या प्रत्येक घरी जात. कुठे बाळंतीण आहे, कुठे दमेकरी आहे, सगळं त्यांना पाठ. वाळवण आत घ्या, गुरं पलीकडे बांधा, म्हातारीला दुपारपर्यंत लेकीकडे पाठवा. आपल्या सोसायटीत येऊन गेटवरच्या फळ्यावर वॉचमनकडून लिहवून घेत: उद्या धूर, खिडक्या लावा. लोकांना त्याची गंमत वाटे. कुणीतरी खाली लिहून ठेवलं होतं, "परवा पाऊस, छत्री आणा." तात्यांना ते वाचता येत नव्हतं. मी पुसून टाकलं.

ईरा, तू चार वर्षांची असताना एका थंडीत इथे आली होतीस. आल्या दिवसापासून तुझी छाती भरलेली. तात्यांनी ते ऐकलं आणि काम पुढे ढकललं. "नात जाऊ द्या बाई, मग बगू. गवत कुठं पळून जातंय." पण खात्यात नवे साहेब आले होते. त्यांना ठरलेल्या तारखेला जाळरेषा झाल्याचे फोटो वर पाठवायचे होते. त्या तारखेला सकाळी तात्या डोंगरावरून उतरून गेटशी आले. मी खालीच होते. म्हणाले, "आज न्हाई. चिमणी बगा." चिमणीचा धूर तोंडाशीच आडवा झाला होता. काडेपेटी न घेताच ते घरी गेले. अर्ध्या तासाने खात्याची पांढरी जीप वर गेली. नवे बूट घातलेला एक माणूस उतरला, खिशातून लायटर काढला, दुसऱ्याने फोटो घेतला. हे मी बाल्कनीतून पाहिलं.

आठ वाजून दहा मिनिटांनी धूर आपल्या इमारतीत शिरला. सव्वानऊपर्यंत तो हलला नाही. तुझे ओठ निळसर झाले आणि तुझ्या आईने तुला उचलून रिक्षाने दवाखान्यात नेलं. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. म्हणाले, "मॅडम, एक कडक पत्र लिहा. इंग्रजीत. तुमच्यासारखं कुणाला जमणार?" मी म्हटलं, आग साहेबांनी लावली. ते म्हणाले, "साहेबावर लिहिलं तर कागद हलायचा नाही. मजुराचं लिहा, दोन दिवसांत कारवाई होते."

मी मजुराचं लिहिलं. इथे नेमलेला अशिक्षित मजूर वाऱ्याचा आणि रहिवाशांचा विचार न करता दरवर्षी डोंगर पेटवतो, असं लिहिलं. वहीत बघून वेळा घातल्या, पाराही घातला. पत्र निर्दोष होतं, एकही खाडाखोड नाही. ज्या टेबलावर लिहिलं त्याच टेबलाच्या खणात तात्यांची पेटी होती. ईरा, यात तुझा काही दोष नाही. आजारी लेकरू कुणाच्याही घरी असतं. सगळे काही असं पत्र लिहीत नाहीत.

आठ दिवसांनी तात्या वर आले. चपला बाहेर काढल्या. हातात चौघडी केलेला कागद. "बाई, हापिसातनं दिलाय. विंग्रजी हाय. काय लिव्हलंय तेवढं सांगा." माझ्याच पत्राची नक्कल होती. मी चष्मा लावला आणि माझं पत्र मराठीत वाचलं. 'अशिक्षित' गाळलं. वेळा मात्र वाचून गेले, कारण आकडे वाचताना माणूस थांबत नाही.

तात्या ऐकत होते. मग म्हणाले, "आठ धा ते सव्वानऊ. बरोबर हाय. घड्याळ बगून लिव्हलंय कुनीतरी."

मी कागदाची पुन्हा चौघडी केली.

"कुनी लिव्हलंय म्हनायचं?"

"सोसायटीने," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरच्या माझ्या वहीकडे पाहिलं. मग खणाकडे. "काडेपेटी तुमच्यापाशीच हाय न्हवं?"

"हो."

"मग झालं. साहेब इचारतील तवा तेवढं सांगा. बाकी काय न्हाई."

चौकशीला माणूस आला. सोसायटीच्या ऑफिसात बसून त्याने रहिवाशांना एकेक करून बोलावलं. मी गेले नाही. गुडघा दुखतो असं कळवलं. तो खरंच दुखत होता, पण त्याच संध्याकाळी मी भाजी आणायला गेले. 'पेटी माझ्याकडे होती' एवढंच सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही असं लिहिलंत कसं? तीस वर्षं मुलांच्या चुकांना लाल शाई लावलेल्या बाईला तो प्रश्न नको होता. तात्यांना कामावरून काढलं. डोंगर जाळणंच बंद करा, ही सोसायटीची मागणीही मान्य झाली आणि आपल्या बाजूची जाळरेषा बंद पडली. सेक्रेटरींनी सर्वांना पेढे वाटले. मी घेतला.

त्यानंतर दोन पावसाळ्यांचं गवत डोंगरावर उभं राहिलं. तिसऱ्या वर्षी होळीनंतर एका दुपारी पलीकडच्या अंगाने वणवा आला. ऊन कलताना तो माथ्यावरून आपल्या बाजूला डोकावला. मधल्या उतारावर तात्यांनी पंधरा वर्षं जगवलेली रोपं होती, आता माणसाच्या उंचीची. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, ते म्हातारे तात्या आलेत. काडेपेटी मागतात." सेक्रेटरी खाली गेटवरच होते. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "डोंगर पेटलाय आणि हा काडी मागतोय! आत सोडू नका."

तात्यांना काडी कशाला हवी ते मला माहीत होतं. वारा अजून चढाचा होता. रोपांच्या वरच्या पायवाटेपासून गवत पेटवलं असतं तर ती आग वर जाऊन वणव्याला भिडली असती आणि मधे जळायला काही उरलं नसतं. काडी त्यांना टपरीवरही मिळाली असती. पण त्यांची रीत ती नव्हती. दुसऱ्या कुणीतरी ती धरून ठेवायची, आणि आपण वारा बघून मग मागायची.

मी पेटी घेऊन उतरले. लिफ्ट बंद केलेली. गेटवर सेक्रेटरींनी मला अडवलं. "मॅडम, तुम्हीच पत्र लिहिलंत आणि तुम्हीच काडी देता?" हे तात्यांसमोर. मी त्यांना समजावू लागले, वणव्यासमोर लावायचा आडवा जाळ म्हणजे काय, वारा कुठला. व्यवस्थित, मुद्देसूद समजावलं. त्यात दहा मिनिटं गेली असतील. मग दिंडी दरवाजा उघडला आणि मी पेटी तात्यांच्या हातात दिली.

त्यांनी चिमटीने राख सोडली. ती आमच्या अंगावर आली. सूर्य डोंगराआड गेला होता आणि वारा उताराला लागला होता. समोरच्या चिमणीचा धूरही खाली वळत होता. तात्यांनी पेटी पुन्हा माझ्या हातात ठेवली.

"आता न्हाई, बाई. आता पेटवलं तर तुमच्या घरात यील."

ते डहाळा घेऊन वर गेले, गावची पोरंही गेली. झोडपून झोडपून त्यांनी सोसायटीच्या भिंतीशी आग थांबवली. रोपं गेली. धूर दोन दिवस आपल्यावर बसून राहिला.

पुढे तात्या दापोडीला धाकट्या मुलाकडे गेले. रेल्वेच्या कडेची गल्ली, समोर भिंत. मी एकदा पत्ता विचारून घेतला होता. पिंपरीहून दापोडी म्हणजे बसने कितीसं अंतर! दर रविवारी ठरवत असे. एका रविवारी त्यांच्या सुनेचाच फोन आला, तात्या गेले. मी विचारलं, माझ्याबद्दल कधी काही म्हणाले का? ती म्हणाली, "म्हनायचे की. थंडी पडली की म्हनायचे, माझी पेटी बाईंकडं हाय."

तर ती ही पेटी. भरलेली आहे, एकही काडी ओढलेली नाही. पत्राची नक्कलही मी त्याच खणात ठेवली आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा दोन्ही काढून बघा. पत्रातलं इंग्रजी तुम्हाला फार आवडेल.