दोर किती हात

रेवदंड्याच्या भातगिरणीचे इंजिन सांभाळणारे ते वयस्क गृहस्थ रोज सकाळी गावच्या विहिरीवर थांबत आणि पाणी शेंदणाऱ्या बायकांना विचारत, "पोरी, आज दोर किती हात लागला?"

"नऊ हात, चाचा. गिरणीला तहान लागली वाटतं?"

"तिला कालचंच पाजतो," ते म्हणत.

ते खरे होते. गिरणीही त्याच विहिरीवर चाले. इंजिनातून निघालेले कढत पाणी ते जुन्या कौलांच्या लांब पन्हळीतून फिरवून निववत आणि पुन्हा इंजिनालाच देत. दोर हातभर वाढला की पन्हळही वाढवत, म्हणजे विहिरीचे नवे पाणी कमी लागे.

गावातल्या तरुणांचा पुढारी म्हणून मी मात्र पत्रक काढले: गिरणीने गावची विहीर सोडावी, स्वतःची खणावी. ते त्यांनी माझ्याकडून वाचून घेतले.

"लिवलंस चांगलं," ते म्हणाले. "पन सोताची इहीर झाली का शेट पानी राखनार न्हाय. उपसा वाढला का खाडी आत येते, बाबा."

मी त्यांना मालकाचा माणूस समजलो.

मालकाने खोल विहीर खणून पंप बसवला आणि पन्हळ मोडली. कढत पाणी खाडीत वाहू लागले. आम्ही विजयाची सभा घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात मी विहिरीवर होतो. त्यांनी सवयीने विचारले, "पोरी, किती हात?"

"नऊच, चाचा. पन खारं लागतंय."

त्यांनी ओंजळभर घेऊन चाखले. त्यानंतर तो प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नाही.