बॅटरी कोणी बदलली नव्हती

भुसावळहून बदली होऊन मी जयपूरला आलो, तेव्हा खातीपुऱ्यात भाड्याची खोली घेतली. रेल्वेच्या डब्यांतले दिवे, पंखे आणि डब्याखालचे डायनमो सांभाळायचं माझं काम. शेजारच्या खोलीत एक ड्रायव्हर राहायचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे. तिलक नगरातल्या एका वकिलांची गाडी ते अकरा वर्षं चालवत होते. एके दिवशी ते दुपारीच घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. वकिलांनी त्यांना काढून टाकलं होतं.

कारण ऐकून माझं डोकंच फिरलं. नवी बॅटरी घालूनही गाडी मधूनच सकाळी चालू होत नसे. गॅरेजवाल्याने दोनदा तपासून चार्जिंग बरोबर आहे असं सांगितलं. तेव्हा वकिलांनी ठरवूनच टाकलं, की ड्रायव्हरने नवी बॅटरी झोटवाड्याच्या बाजारात विकून तिच्या जागी जुनी बसवली. खराब रस्त्यावर स्टिअरिंगसमोरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो, म्हणजे तेव्हा चार्जिंग बंद पडतं, हे ड्रायव्हरनी परोपरीने सांगितलं होतं. पण गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दिवा लागला नाही, म्हणून ते खोटारडे ठरले.

आमच्या डब्यांचे डायनमोही कितीदा पळत्या गाडीतच दोष दाखवतात. उभ्या गाडीत काही सापडलं नाही, एवढ्यावरून माणसाला चोर म्हणायचं?

पंधरा दिवसांनी कळलं, की वकिलांची गाडी पुन्हा बंद पडली. आता तर ते स्वतःच चालवत होते. सुट्टीच्या दिवशी मी पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो, माझं काम सांगितलं आणि मला शेजारी बसवून एक फेरी मारा म्हणालो. मोती डूंगरीजवळ रस्ता उकरलेला होता. तिथे गचके बसताच लाल दिवा लागला आणि पुढे आपोआप विझला. वकिलांनी तो पाहिला आणि गाडी घराकडे वळवली.

घरी आल्यावर मी इंजिन चालू ठेवायला लावलं, बॉनेट उघडलं, त्यांना दिव्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि एकेक वायर हलवून पाहिली. डायनमोची बारीक वायर वाकवली की गाडीतून वकिलांचा आवाज यायचा, "जला." सोडली की, "बुझा." ती सोलली. आतल्या तारा तुटून हिरव्या पडल्या होत्या, दोन-तीनच कशाबशा टिकून होत्या. नवा तुकडा जोडायला दहा मिनिटं लागली.

वकील खूश झाले. त्यांनी चहा मागवला. मी म्हणालो, आता ड्रायव्हरना बोलावून घ्या, निदान चूक झाली एवढं तरी सांगा.

"अब मैं नौकर से माफी माँगूँ?" ते शांतपणे म्हणाले आणि कप माझ्यापुढे सरकवला.

मी चहा घेतला नाही. माझ्याच्याने एवढंच झालं. चार शब्द सुनवायचे होते, ते मला खातीपुऱ्याला पोहोचेपर्यंत सुचत राहिले.

तुटकी वायर मी शेजाऱ्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. "मैंने तो कहा ही था," म्हणाले. वकील काय बोलले, ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते उठून आत गेले.

त्यांच्या बायकोने मात्र ती वायर घेतली आणि गल्लीत ज्यांनी ज्यांनी चोरीची कुजबुज केली होती, त्यांच्या दारात जाऊन दाखवून आली. तीन महिन्यांनी शेजाऱ्यांना एका शाळेच्या बसवर काम मिळालं. वकिलांची गाडी तेव्हा रोज सुरळीत चालू होत असणार, आणि ती मीच नीट करून दिली होती, याचा मला अजून संताप येतो.