बाळंतिणीच्या खोलीचं कवाड

माझी सून धनुबाई गुणाची, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! थंडी असो की उकाडा, निजायची ती उंबऱ्याला लागून. कोठडीतून दाणे आणायचे झाले तर आधी दाराला पाटा टेकवून मग आत जायची. "अगं, दार काय चोर नेतोय?" मी खेकसायचे. ती हसायची, पण पाटा काढायची नाही. आमचं सारं प्रकाशा गाव तिच्या हातच्या भाकरीची तारीफ करायचं, आणि मी मेली तिला नावं ठेवायची.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण तिला माहेर कुठलं? आईबाप नव्हते, चुलत्यानं लग्न लावून हात झटकलेले. म्हणून आमच्या कोठडीतच बाज टाकली. कळा चांगल्या येत होत्या. वारा लागू नये, कुणाची नजर पडू नये, म्हणून मी दाराला कडी घातली. त्यासरशी पोरीचं अंग लाकडासारखं ताठ झालं नि कळाच थांबल्या. बाई अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, ही आमची रीत. मी तिचे केस सोडले, पेट्यांची कुलपं काढली, बैलांची दावी सोडली, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरासुद्धा सोडला. कोठडीची कडी तेवढी तशीच! मुलगा झाला, तो रडलाच नाही. लोक म्हणाले, हिला बाहेरचं काही लागलंय. मीही तेच म्हटलं. तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात ती कापूस ठेवायला कोठडीत गेली. दोन्ही हातांत ओझं, पाटा लावायचा राहिला, आणि वाऱ्यानं दार आदळून गच्च बसलं. मी धावत जाऊन उघडलं तर ही नखांनी कवाड ओरबाडतेय. "मन्ही माय उठत नही, मन्ही माय उठत नही," माझी आई उठत नाही, एवढंच तोंडात. मी तिला मांडीवर घेतलं, तेव्हा कुठे सगळं बाहेर पडलं. प्लेगच्या साली गाव ओस पडलं, लोक शेतात झोपड्या घालून राहिले. तिच्या आईला गाठ आली होती. चुलत्यानं मायलेकींना घरात ठेवून बाहेरून कडी घातली. आई पहिल्याच दिवशी गेली. नऊ वर्षांची पोर दोन दिवस तिच्याशेजारी! त्या मेल्याचं तळपट होवो.

दिवस भरले तसं मी माझ्या लेकाला, सुकलालला म्हटलं, "कोठडीचं कवाडच उचलून काढ."

"डोकं फिरलं का, छबूबाई?" सुईण जसोदाबाई ओरडली. "बाळंतिणीले वारा लागी!"

"लागू दे. मागच्या खेपेला बंद करून काय मिळवलं?"

कुणी आत डोकावू नये म्हणून उंबऱ्यावर मी स्वतःच बसले. अंगणात ऊन पडलं होतं. प्रत्येक कळेला ती माझ्या खांद्यावरून बाहेर बघायची.

"उघडं शे ना, आत्याबाई?"

"शे, पोरी, शे."

शंभरदा विचारलं असेल, शंभरदा सांगितलं. माझी कंबर धरली, घसा बसला. ऊन डोक्यावर आलं नि पोरगी झाली. आल्या आल्या अशी कडाडली की शेजारच्या बाया धावल्या!

जसोदाबाईनं तिला पुसून फडक्यात गुंडाळलं नि आईजवळ द्यायला वाकली. धनुबाईनं मान हलवली.

"पहिले मन्ही मायले द्या."

मला वाटलं, पोर पुन्हा त्या घरात जाऊन पोचली. बघते तर ती माझ्याकडे बोट दाखवून हसत होती.