बाबांच्या शर्टावरची निळी पूड

रोज संध्याकाळी आठ वाजता आमच्या घरात एक खून व्हायचा आणि नऊच्या आत त्याचा निकालही लागायचा. बाबा खुर्चीत, मी दिवाणावर भाजी निवडत, आणि समोर हिंदी गुन्हेमालिका. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. जेवणाआधीचा हा तास आम्ही सहसा चुकवत नसू. मालिका चांगली होती असं नाही, पण मला तिच्यावर चिडायला आवडायचं.

चिडण्याचा मला हक्कच होता, कारण मी तेच काम करते. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बावीस वर्षं झाली. धागे, काच, रंग, माती हा माझा विभाग. मालिकेतली शास्त्रज्ञ बाई केस मोकळे सोडून, निळ्या उजेडात, हातमोजे न घालता नमुना उचलते आणि जाहिराती संपेपर्यंत तिचा रिपोर्ट तयार असतो. आमच्याकडे साध्या ट्यूबलाइट आहेत आणि त्यातली एक कायम फडफडते. पुडकं येतं ते कापडात शिवलेलं, वर लाखेचं सील मारलेलं. आधी ते सील पोलिसांच्या पत्रावरच्या सीलशी जुळतंय का हे बघायचं, तसं लिहून ठेवायचं, आणि मग ते पुडकं आपला नंबर लागेपर्यंत कपाटात पडून राहतं. मालिकेतली बाई घटनास्थळीही धावत जाते. मी बावीस वर्षांत एकही घटनास्थळ पाहिलेलं नाही, त्यासाठी वेगळी माणसं असतात. आणि शेवटी तिने रिपोर्ट समोर धरला की आरोपी ढसाढसा रडून गुन्हा कबूल करतो, हा तर कहर. मी साक्षीला कोर्टात कितीदा तरी उभी राहिले आहे. माझा रिपोर्ट वाचला जात असताना आरोपी जांभया देत असतो.

"तू टीव्ही बघतेस की तपासणी करतेस?" बाबा हसून म्हणायचे. पण आवाज कमी करून माझं सगळं ऐकून घ्यायचे.

या मालिकेत दर तीन-चार भागांनी एक पूल पार्लर, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ खेळायची जागा, यायचं. टेबलावर लोंबता दिवा, भरपूर धूर, चामड्याचं जाकीट घातलेला कुणी गुंड रंगीत गोळ्यांवर वाकलेला. इन्स्पेक्टर आत शिरला की सगळे थबकायचे, आणि मग कुणीतरी क्यू, म्हणजे ती खेळायची लांब काठी, कुणाच्या तरी डोक्यात घालायचा. यातलं मला काहीही खटकत नसे. आयुष्यात पूल पार्लरच्या पायरीवर पाय न ठेवलेली मी ठामपणे म्हणायचे, "असल्या जागी जाणारे सगळे एकजात वाया गेलेले." तेव्हा मात्र बाबा हसायचे नाहीत. त्यांचे आक्षेप वेगळेच असायचे. "अगं, क्यू असा मधोमध धरतात काय? झाडू मारून राहिलाय की काय तो?" किंवा, "काळा गोळा आधी गेला म्हणजे हा हरला, आणि हसून काय राहिलाय?" एकदा पांढरा गोळा खड्ड्यात गेल्यावर पडद्यावर टाळ्या पडल्या, तर बाबा वैतागून उठलेच. "पांढरा गेला की फाऊल असतो. फालतूमध्ये टाळ्या."

मला वाटायचं, फोनवर बघत असतील काहीतरी. बँकेतून निवृत्त झालेला माणूस दिवसभर फोनवर काहीही बघतो. दुसऱ्यांच्या कपड्यांवरचा एक धागा पाहून बोलणारी मी, माझ्या शेजारच्या खुर्चीतून येणारं हे सगळं दोन वर्षं ऐकत होते आणि त्याचा अर्थ मला लागला नाही, हे आता कबूल केलंच पाहिजे.

दसऱ्यानंतर एकदा बाबा गुडघा सोलून घरी आले. आई गेल्यापासून ते रोज साडेचारला घर सोडायचे आणि सातच्या सुमारास परतायचे. राम घाटावर जातो, नदीची आरती बघतो, असं त्यांनी सांगितलं होतं. "घाटाच्या पायरीवर पाय घसरला," ते म्हणाले. मी मलम लावलं आणि पुण्याला दादाला फोन केला. दादा माझा मोठा भाऊ. तो दोन वर्षं बाबांना तिकडे बोलावत होता, त्याला आयतं निमित्त मिळालं. "पंचाहत्तरीचा माणूस एकटा घाटावर जातो, आणि तू दिवसभर ऑफिसात. बास झालं, त्यांना इकडे पाठव." त्याचं चुकत होतं असंही म्हणता येईना. मी विचार करते म्हणाले.

मग कपडे धुवायला घेतले. पँट गुडघ्यावर फाटलेली, पण कोरडी ठणठणीत. घाटाचा गाळ नाही, फक्त भिंतीच्या चुन्याचा पांढरा फराटा. घाटावर जाऊन आलेल्याच्या कपाळावर गंध-कुंकू काही ना काही टेकवलेलं असतंच, तिथले पंडित कुणाला कोरडं सोडत नाहीत. बाबांचं कपाळ स्वच्छ. आणि शर्टाच्या डाव्या बाहीवर निळं काहीतरी लागलेलं. आधी वाटलं, भैरवगढच्या छपाईची आमची निळी चादर आहे, तिचा रंग उतरला असेल. पण छपाईचा रंग धाग्यात मुरतो. ही पूड धाग्यावर नुसती बसली होती, नखाने झटकली की उडत होती.

इथे मला फक्त शेजारच्या खोलीत जायचं होतं. बाबा तिथे फोन बघत पडले होते. मी त्याऐवजी स्वयंपाकघरातून कोरा कागद आणला, ती पूड त्यावर झटकली आणि कागदाची पुडी बांधली.

पुढचे तीन आठवडे मी हेच केलं. शर्ट, रुमाल, एकदा तर ते हात धुवायच्या आत त्यांचा हात हातात घेऊन "नखं वाढलीत तुमची" असं म्हणत अंगठा आणि तर्जनीमधली जागा बघून घेतली. तिथेही निळं. शर्टाच्या पोटावर मला बारीक हिरवे धागे मिळाले. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ती पुडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. नोकरीत खासगी काम मी तेवढं एकदाच केलं. धागे लोकरीचे होते. पूड खडूची नव्हती, तिचे कण टोकदार आणि कडक होते. मागे एका मारामारीच्या प्रकरणात आमच्याकडे एक क्यू आला होता, त्याच्या टोकाला हीच पूड होती. गोळा मारताना टोक घसरू नये म्हणून ती लावतात. लोकरीचं हिरवं कापड टेबलावर ताणलेलं असतं, आणि वाकून खेळणाऱ्याच्या पोटाला ते घासतं.

मला आनंद झाला. बाप खोटं बोलतोय याचं दुःख नंतर झालं, आधी ओळख पटल्याचा आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. आणि मग डोळ्यासमोर आला तो धूर, ते जाकीट आणि डोक्यात बसणारा क्यू. गुडघा कसा फुटला असेल याचीही एक गोष्ट मी मनातल्या मनात रचून टाकली. प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली कुणी न तपासलेली गोष्ट रिपोर्टात लिहिली असती तर मी ते पान फाडायला लावलं असतं.

रविवारी सकाळी पोहे झाले. दादा फोनवर व्हिडिओत होता, फोन मी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मी पुडी आणली, बाबांच्या ताटलीशेजारी उघडली आणि एकेक मुद्दा सांगत गेले. कोरडी पँट, कोरडं कपाळ, पूड, धागे. आवाज चढवला नाही. मला वाटतं, मालिकेतल्या ज्या बाईला मी दोन वर्षं नावं ठेवत होते, ती त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात माझ्या जागी उभी होती.

बाबांनी चष्मा लावून पूड नीट बघितली. "बरोबर आहे," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही घाटावर जातच नाही?"

"नाही. माधव नगरला जातो. पूल खेळतो."

दादा तिकडून बोलायला लागला, या वयात, असल्या जागी, लोक काय म्हणतील. बाबांनी त्याला मधे तोडलं नाही. तो थांबल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "ठीक आहे. काढून टाका तिकीट. जातो मी पुण्याला." मग त्यांनी राहिलेले पोहे संपवले आणि ताटली स्वतः घासून ठेवली. दादाने दुपारच्या आत पुढच्या शनिवारचं तिकीट काढलं.

त्या आठवड्यात बाबा घराबाहेर पडले नाहीत. आठ वाजता खुर्चीत बसायचे. मंगळवारच्या भागात पुन्हा पार्लर आलं. एका माणसाने क्यू धरला तो थेट फावड्यासारखा, आणि काळा गोळा पहिल्याच फटक्यात घालवून तो मोठमोठ्याने हसला. मी वाट बघत राहिले. बाबा पडद्याकडे बघत होते आणि काही बोलले नाहीत. मलाही मग मालिकेवर चिडावंसं वाटलं नाही. त्या शांततेत मला पहिल्यांदा भीती वाटली की शनिवारनंतर ही खुर्ची रिकामी असेल आणि ती मी रिकामी केली असेल.

गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकून माधव नगरला गेले. दोन ठिकाणी विचारल्यावर सापडलं. खाली कोचिंग क्लास, वर पार्लर. जिना इतका अरुंद आणि उभा की खांदा भिंतीला घासला, आणि माझ्या बाहीवर चुन्याचा पांढरा फराटा उठला. तेव्हाच गुडघ्याचा उलगडा झाला.

वर तीन टेबलं होती, भरपूर उजेड होता, आणि भिंतीवर, या गावाच्या हिंदीत, पाट्या: धूम्रपान मना है, गाली देना मना है, टेबल पर चाय न रखें. बॅगा कोपऱ्यात ठेवून दोन औषध कंपन्यांचे प्रतिनिधी खेळत होते. एक शिंपीकाका गळ्यात टेप तशीच ठेवून आपली पाळी यायची वाट बघत होते. पार्लर चालवणारे गृहस्थ ब्रशने टेबलाचं हिरवं कापड झाडत होते. मी बाबांचं वर्णन केलं आणि म्हणाले, मी त्यांची मुलगी.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "अच्छा, आप लैब वाली दीदी हैं। बाबूजी चार दिन से नहीं आए, तबीयत तो ठीक है?"

"ठीक है," मी म्हणाले. "आप मुझे कैसे जानते हैं?"

शिंपीकाका हसले. "यहाँ सब जानते हैं। हम लोग टीवी की बात करें कि कल घंटे भर में डीएनए आ गया, तो बाबूजी खेल रोक देते हैं। कहते हैं, मेरी बेटी से पूछो, पहले तो सील मिलाते हैं।"

"लाख की सील," औषधवाल्यांपैकी एक जण खेळता खेळता म्हणाला. "और ट्यूबलाइट फड़फड़ाती है।"

दोन वर्षं रोज तासभर मी जे बडबडत होते, ते बाबा दुसऱ्या दिवशी इथे आणून सांगत होते. मी धीर करून विचारलं, की मग घरी त्यांनी हे कधी सांगितलं का नाही. पार्लरवाल्या गृहस्थांना उत्तर द्यायचा संकोच वाटत होता. मग ते म्हणाले, "हमने भी कहा था, दीदी को बता दीजिए। बोले, उसे ये जगह अच्छी नहीं लगती। टीवी में देखती है न।"

त्यांनी चहा मागवला. मी तो उभ्यानेच प्यायले, कारण बसले असते तर तिथे रडले असते.

घरी आले तेव्हा बाबा पलंगावर बॅग उघडून स्वेटरच्या घड्या घालत होते. पुण्याला एवढी थंडी नसते, पण मी ते बोलले नाही. दाराशीच उभी राहिले.

"मी जाऊन आले तिथे," मी म्हणाले. "माधव नगरला."

"हं. जिना बघून चढलीस ना?"

"चूक झाली माझी, बाबा."

"चूक कसली. पूड तर बरोबर ओळखली होतीस."

"तेवढीच ओळखली."

त्यांनी दुसरा स्वेटर घेतला. मी त्यांच्या समोर जाऊन बसले. "बाबा, पुण्याला जायचंय का तुम्हाला?"

दादाने मला विचारलं होतं, मी दादाला विचारलं होतं. शर्टांना आणि रुमालांना तर मी तीन आठवडे विचारत होते. बाबांचा हात स्वेटरवर थांबला.

"नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "पण तू एवढी तयारी करून बसली होतीस त्या दिवशी. कागद काय, पुडी काय. मला वाटलं, तुलाच मी इथे नको झालोय."

मी मान हलवत राहिले, नाही, नाही, आणि बॅगेतले कपडे काढून कपाटात लावायला लागले. थोड्या वेळाने तेही उठले आणि मला एकेक कपडा हातात द्यायला लागले.