लिनबाईने नेलेला गुळाचा डबा

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की लिनबाई आधी म्हणायची, "जीभ दिखाओ. झूठ बाद में बोलो."

आखातात, दुबईपलीकडच्या फुजैऱ्यात आमच्या बिल्डिंगखालीच तिचं चिनी जडीबुटीचं दुकान. मी पोर्टावर फिटर होतो, शाळा चौथीपर्यंत. मला जीभ दाखवायची लाज वाटे. माझ्या बायकोला, हमीदाला, मुळीच नाही.

हमीदाला शुगर होती. मुलगा एकदा म्हणाला, "मॉम, युवर मेटाबॉलिझम इज स्लो." झालं. बिल्डिंगभर तो शब्द पसरला. खाणं कुणाचंच जास्त नव्हतं, मेटाबॉलिझमच आळशी. बिर्याणीची दुसरी प्लेट घेताना बायका त्यालाच शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी लिनबाईकडे रांग लावायच्या.

लिनबाई नाडी धरून डोळे मिटायची. "पेट में आग कम," म्हणायची, मुळ्यांची पुडी द्यायची आणि वर सुनावायची, "मेरा जडी तुम्हारा नौकर नहीं. तुम खाओ, वो धोए?" डॉक्टरच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट बघितल्याशिवाय हमीदाला ती नवी पुडी देत नसे.

तीन महिने काढा पिऊन शुगर उलट वाढली. लिनबाई जिना चढून वर आली, म्हणाली, काढा करून दाखव. हमीदाने मुळ्या उकळल्या, गाळल्या आणि रत्नागिरीहून आणलेल्या गुळाचा लिंबाएवढा खडा आत टाकला. खोबरं नाही घातलं, एवढीच मेहेरबानी.

"कडू पाव्हण्याला देत नाही," हमीदा म्हणाली, "मग पोटाला कसं देऊ?"

लिनबाई हसली नाही. गुळाचा डबा काखेत मारून खाली गेली.

नंतर शुगर उतरली. डॉक्टर म्हणे गोळ्यांनी, लिनबाई म्हणे गूळ गेल्याने, बिल्डिंग म्हणे मेटाबॉलिझम सुधारलं. मला अडाण्याला काय कळतंय. दोन वर्षं तोंड वाकडं करून हमीदा काढा प्यायली आणि मागच्या थंडीत हृदय बंद पडून गेली. तिथे कुणाचीच पुडी चालली नाही.

माझ्या घशाखाली घास उतरेना. मुलगा "अब्बा, ईट समथिंग" म्हणून ऑफिसला जाई. चौथ्या दिवशी लिनबाई आली. मी म्हटलं, मी जेवलोय. तिने जीभ बघितली. "झूठ."

स्वयंपाकघरात जाऊन तिने भाताची पेज केली. त्यांच्याकडेही आजाऱ्याला पेजच देतात म्हणे. मी विचारलं, यात कुठली मुळी घालणार?

"तुम्हारा दवा मेरे पास नहीं," ती म्हणाली. पिशवीतून तिने हमीदाचा डबा काढला. गूळ काळा पडला होता, पण होता तेवढाच होता. त्यातला एक खडा तिने पेजेत टाकला आणि समोर बसून राहिली.

मी खाल्ली. खाऊन झाल्यावर तिने वाटी हातात घेतली आणि हमीदाच्या गोळ्यांच्या पाकिटासारखी उलटी करून बघितली.