जर्मन मशीन आणि अकोल्याचा कूलर

मशीनने भलताच मोठा आकडा दाखवला. कापसातली ओल मोजायची मशीन. तोच कापूस सकाळी सरकारी लॅबमध्ये मोजला होता, तिथे ओल बरीच कमी निघाली होती. समोर अकोल्याची खरेदी समिती. शेजारी जर्मनीहून आलेला इंजिनिअर योहान. मधोमध मी, अमरावतीचा डीलर, खास डेमोसाठी घेतलेल्या शर्टात.

परदेशी कंपनीला आपल्या सरकारला माल विकायचा असला, की बहुतेक वेळा इथला एक माणूस लागतो. तो टेंडर भरतो, साहेबांना भेटतो आणि मशीन बंद पडली की शिव्या खातो. कंपनी त्याला ऑथोरायझेशन लेटर देते, म्हणजे हा आमचा माणूस असं लिहून देते. नंतर डेमो होतो, म्हणजे समितीसमोर मशीन चालवून दाखवायची. हा डेमो फसला तर माझी एजन्सी जाणार होती. कंपनीने तसं बजावलं होतं.

महिना मे. साहेब लोकांना त्रास नको म्हणून मी सकाळीच जाऊन कूलरची टाकी भरली आणि त्याचं तोंड थेट टेबलाकडे केलं. टेबलावर कापूस उघडा पडलेला. योहान म्हणाला, कूलर बंद करा. मी हसून मान डोलावली आणि चालूच ठेवला. मे महिन्यात साहेबांपुढचा कूलर बंद करणारा डीलर वऱ्हाडात अजून जन्माला यायचा आहे.

"काय झालं हो?" समितीच्या अध्यक्ष मॅडमनी विचारलं.

योहान माझ्या कानाशी इंग्रजीत पुटपुटला, "मशीन बरोबर आहे. कापूस ओला आहे."

एवढंच मराठीत सांगायचं होतं. पण आमच्याकडे कापसाला ओला म्हटलं की खरेदी केंद्रावर बाह्या सरसावतात. इथे तर कापूस सरकारी! मी हात जोडले.

"मॅडम, प्रवासात मशीन हलली. सेटिंग बिघडलं असेल. चूक आमचीच."

आपण प्रसंग किती छान सांभाळला, असं मला वाटलं. योहानला म्हटलं, "मॅडम हॅपी."

काही दिवसांनी मॅडमनी ऑफिसला बोलावलं.

"आमी तो टेबलावरचा कापूस त्याच दिवशी पुन्हा लॅबमध्ये मोजला," त्या म्हणाल्या. "कूलरच्या हवेनं ओला झालता. तुमची मशीन बरोबर हाये."

माझा जीव भांड्यात पडला. "मग पास ना, मॅडम?"

"कशी करू पास? सगळ्या समितीसमोर तुमीच म्हनले, मशीन बिघडली. मीटिंगच्या मिनिट्समध्ये तसंच लिवलं हाये. आता मी पास केली, तं लोक मले इचारतीन, डीलर नाही म्हन्ते अन् तुमी कावून घेऊन राहिल्या?"

"मॅडम, मी तर आपला मान राखायला बोललो होतो."

"आमचा मान राह्यला भाऊ. तुमचं टेंडर गेलं."

योहानला फोनवर खरं काय ते सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या टेंडरला तीच मशीन पास झाली. डीलर मात्र आता अकोल्याचा होता.

परदेशी कंपनीला इथला माणूस लागतो, हे मी आजही सांगतो. फक्त तो मशीनच्या बाजूचा असावा.