तिघींना ऐकू आलेली हाक

आधीच सांगते, मी चिडून लिहितेय. त्यामुळे कुठे सूर चढला तर समजून घ्या.

भुताखेतांवर माझा कधी काडीचाही विश्वास नव्हता. नागपूरला सात वर्षं कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवलीय मी. होस्टेलच्या मुली प्लँचेट करायच्या, तेव्हा त्यांची वाटी उचलून तिच्यात चिवडा खाणारी बाई मी! इथे अमेरिकेतच, एडिसनला राहणाऱ्या मैत्रिणीला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "अगं, लिही ना, मस्त स्टोरी आहे यार." मस्त? माझी पोरगी त्या जागेवरून दोन मिनिटं आधी हलली नसती तर... जाऊ दे. लिहितेच. पण सगळं लिहिणार, नुसता गूढ भाग नाही.

गाव अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं. नाव देत नाही, अजून तिथेच राहतोय आम्ही. माझा नवरा नितीन डॉक्टर आहे. व्हिसाच्या अटीमुळे त्याला तीन वर्षं अशा ठिकाणी काम करणं भाग आहे जिथे दुसरा डॉक्टर जायला तयार नसतो. गावात एक सिग्नल, एक ग्रोसरी, शाळा, दोन चर्च आणि सतत वारा. तूरडाळ हवी तर पाच तास ड्राइव्ह. मला माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. आणि गावाच्या टोकाला ते रोडिओचं, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर टिकून बसायच्या खेळांचं मैदान - लोखंडी कुंपणाचं मोठं रिंगण, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. उन्हाळ्यात अख्खं गाव तिथेच.

आमची इरा सहा वर्षांची. दोन वर्षांत ती पक्की तिथली झाली. शाळेत तिथल्यासारखे उंच चामडी बूट घालून जाते, मोठ्यांना "येस मॅम" म्हणते, अंगणात प्लास्टिकच्या वासराच्या डोक्यावर दोर फेकत बसते. मी मराठीत विचारलं की उत्तर इंग्लिशमध्ये. मराठी कळतं सगळं, पण बोलायची वेळ आली की "आई, मला पाणी पाहिजे" याच्या पुढे गाडी जात नाही. हे लक्षात ठेवा.

तिथे लहान मुलांचा एक खेळ असतो, मटन बस्टिंग. नावावर जाऊ नका, मेंढीवर बसायचं आणि पडेपर्यंत टिकायचं. डोक्याला हेल्मेट, अंगात जाड जॅकेट. मी कडाडून विरोध केला होता. नितीन म्हणाला, "अनघा, तिच्या वर्गातली सगळी मुलं करतात. तिला एकटीला बाहेर ठेवणार का?" हरले मी.

जुलैतला शनिवार. दुपारचे तीन, रणरणतं ऊन. बहुतेक मुलांचं झालं होतं, शेवटच्या तीन मुली राहिल्या होत्या. इरा, तिची मैत्रीण रोसा आणि मॅडी. रोसाची आई मेक्सिकोची, तीस मैलांवरच्या मोटेलच्या लाँड्रीत काम करते. त्या दिवशीही ती ड्यूटीवरच होती. आणि मॅडीची आई जेस... ती आदल्या हिवाळ्यात हायवेवर, बर्फात गाडी घसरून गेली. मॅडी आजोबांकडे राहते. हे आजोबा म्हणजे डेल, रोडिओ कमिटीचा मुख्य.

तिघींना एका अरुंद वाटेत उभं केलं होतं. एका बाजूला मेंढ्यांचा कोंडवाडा, दुसऱ्या बाजूला बुलचा. बुल म्हणजे आपला गरीब बैल नव्हे. माणसाला पाठीवरून उडवण्यासाठीच पोसलेलं टनभर वजनाचं जनावर. मी इराच्या बुटाची लेस बांधायला वाकले आणि माझी नजर बुलच्या गेटवर गेली. खिट्टी तुटलेली. तिच्या जागी गवताच्या गठ्ठ्यांना बांधतात ती नारिंगी प्लास्टिकची सुतळी गुंडाळलेली!

मी डेलला दाखवलं. तो हसला. "मॅम, ते गेट वीस वर्षं टिकलंय." आणि चालायला लागला. मी त्याच्या मागे. रिंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांचं ऑफिस, पत्र्याची केबिन. आम्ही दोघं आत गेल्यावर त्याने दार लावून घेतलं, म्हणजे लोकांना तमाशा नको. मग मात्र मी आवाज चढवला. आयुष्यात इंग्लिशमध्ये इतकी कधी भांडले नव्हते. तो आपला "मॅम, काम डाउन, मॅम, काम डाउन." शांत व्हा म्हणे! पोरीला तिथेच सोडून भांडायला गेले, याचा राग मला आजही स्वतःवर येतो. तिचा हात धरून सरळ घरी जायचं सोडून!

तेवढ्यात बाहेरून लोखंड आपटल्याचा आवाज आला. आणि किंकाळ्या.

मी कशी धावले आठवत नाही. गेट आडवं पडलं होतं, नेमकं जिथे मुली उभ्या होत्या तिथे. इराची पाण्याची बाटली त्याच्याखाली चपटी झालेली. बुल रिंगणात शिरला होता, दोन घोडेस्वार त्याला वळवत होते. अँब्युलन्सपाशी ड्यूटीवर असलेला नितीन पलीकडून धावत येत होता, पांढराफटक. आणि मुली... मुली पन्नास पावलांवर घोड्यांच्या ट्रेलरच्या सावलीत उभ्या होत्या. तिघीही. हेल्मेटसकट. इकडेतिकडे बघत होत्या, कुणाला तरी शोधत असल्यासारख्या.

मेंढ्या सांभाळणारी एक बाई होती तिथे. ती रडत मला म्हणाली, "तिघी एकदम वळल्या, कुणी बोलावल्यासारख्या. मी म्हटलं, थांबा, आता तुमचा नंबर आहे. पण ऐकेचनात. मला तर काही ऐकू आलं नाही."

मी इराला गाडीत घातलं. दुसऱ्या कुणाशी ती बोलायच्या आत विचारलं, "तू तिथून का हललीस गं?"

तिने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "यू कॉल्ड अस, आई."

"मी? मी काय म्हटलं?"

आणि माझी पोरगी, जिला मराठीत एक वाक्य धड जमत नाही, ती म्हणाली, "तिघी उन्हात काय उभ्या राहिल्यात गं? चला, इकडे सावलीत या."

असं. एका दमात. माझ्याच ठेक्यात.

हे वाक्य मी बोलले नव्हते. मी केबिनमध्ये होते. आणि रोसाला, मॅडीला मराठीतलं ओ की ठो कळत नाही, त्या कशाला हलतील?

तीन दिवसांनी रोसाची आई भेटली. ती मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, रोसा म्हणते, "मम्मा, तू बोलावलंस ना सावलीत." स्पॅनिशमध्ये. हाकही रोसाच्या घरच्या लाडाच्या नावाने. ते नाव गावात कुणालाच माहीत नाही.

नितीनचं म्हणणं, मुलं घाबरली की एकमेकींचं ऐकून आठवणी तयार करतात. ठीक आहे. पण घाबरायच्या *आधी* तिघी हलल्या त्याचं काय?

आता गावाचं ऐका. मॅडीने सांगितलं की तिला तिच्या मॉमने बोलावलं. झालं! जेस एकेकाळी तिथली रोडिओ क्वीन, म्हणजे त्या खेळांची निवडलेली मानाची राणी होती. रविवारी चर्चमध्ये ठरलंसुद्धा, जेसने पोरींना वाचवलं. मी म्हटलं, बाकीच्या दोघींनाही विचारा ना. कुणी विचारलं नाही. इराने काय ऐकलं, रोसाने काय ऐकलं, कुणाला पडलेली नव्हती. पंधरा दिवसांत गेटच्या खांबावर पितळी पाटी लागली, जेस आजही आमच्या मुलांवर लक्ष ठेवून आहे अशा अर्थाची. पाटी चार स्क्रूंनी पक्की! आणि गेटला? सुतळीच्या जागी साखळी. नवी खिट्टी नाहीच. मी कमिटीला दोन पत्रं लिहिली. एकाने मला ग्रोसरीत थांबवून सांगितलं, "मॅम, इतका मोठा चमत्कार झाला, तुम्ही अजून गेटचंच धरून बसलात?"

हो. बसले धरून! चमत्कार झाला म्हणून तुमचा हलगर्जीपणा धुतला गेला का?

इराचा रोडिओ मी बंद केला. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पण शाळेचा रस्ता त्या मैदानावरूनच जातो. सप्टेंबरमध्ये रोज घरी येताना दिसायचं, मॅडी त्या वाटेत एकटीच उभी. भर उन्हात, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. थोड्या अंतरावर डेलचा पिकअप, तो आत बसलेला.

एक दिवस मी गाडी थांबवली. भांडायलाच. डेल उतरला, त्याने हॅट काढली. माझ्या आधी तोच बोलला. "मॅम, ती खिट्टी तुटलीय हे मला मार्चपासून माहीत होतं."

दोन महिने या वाक्याची वाट बघत होते मी. जे जे बोलायचं होतं ते सगळं बोलून घेतलं. त्याने मान खाली घालून ऐकलं. या वेळी काम डाउन म्हणाला नाही. मग म्हणाला, "ती रोज इथे येऊन उभी राहते. आई परत हाक मारेल म्हणून. तुम्ही तिला सांगा ना, तुम्हीच हाक मारली होती म्हणून. मग ती यायची थांबेल."

माझं डोकं परत फिरलं. आधी पाटी लावली, आता खोटं मी बोलू? पण पोरीचे गाल उन्हाने लाल झाले होते. मी गेले. तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"मॅडी," मी म्हटलं, "त्या दिवशी मी खूप मोठ्याने ओरडत होते. कदाचित माझाच आवाज आला असेल तुम्हाला."

तिने शांतपणे मान हलवली. "नो, मॅम. तुमचा पण येत होता. तुम्ही ग्रँडपावर ओरडत होतात. तुम्ही म्हणालात, एखादं मूल मेल्यावर बदलणार का गेट? पण मॉम तुमच्यासारखी ओरडत नव्हती. ती हळू बोलत होती."

ते वाक्य मी म्हटलं होतं. शब्द न् शब्द. बंद दाराआड, रिंगणाच्या त्या टोकाला, बाहेर लाउडस्पीकर चालू असताना. ते डेल आणि मी सोडून कुणीही ऐकलेलं नव्हतं. मी मागे वळून बघितलं. मागोमाग आलेल्या डेलचा चेहराच सांगत होता की हे त्याने तिला सांगितलेलं नाही.

मी उठले, माझी ओढणी तिच्या डोक्यावर धरली आणि तिला जितका वेळ उभं राहायचं होतं, तितका वेळ तिच्याजवळ उभी राहिले.